हँडलवरची पांढरी खूण

थोरलीने क्लचच्या लिव्हरचा बोल्ट सैल केला, लिव्हर हँडलवरून दोन बोटं आत सरकवली आणि बरोबर पांढऱ्या खुणेवर आणून बोल्ट पुन्हा आवळला. ही खूण तिचीच होती, जुन्या नेलपॉलिशच्या बाटलीतल्या ब्रशने केलेली. मग तिने फडक्याला हात पुसले, फळीवरची निळी वही काढली आणि तारखेपुढे लिहिलं, "क्लच लिव्हर चुकीच्या जागी. सलग नववा दिवस."

रोज जेवणाआधी ती लिव्हर खुणेवर आणून ठेवायची, आणि रोज सकाळी बाबा चहाचा कप घेऊन गॅरेजमध्ये यायचे, कप ऐरणीवर ठेवायचे आणि लिव्हर परत बाहेर, ग्रिपला चिकटेल इतकी ओढून बसवायचे. दोघांपैकी कुणीही त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतं. त्या गॅरेजमध्ये तशीही न बोलण्याची सवय मुरलेली होती.

गाडी ट्रायलची होती. रस्त्यावर पळवायच्या गाडीची सगळी ऐट तिच्यात उलटी असते. सीट जवळजवळ नसतेच, कारण चालवणारा सगळा वेळ उभा असतो. वेगाला कुणी विचारत नाही. दगडधोंड्यांतून, ओंडक्यांवरून, पाण्याच्या खळग्यातून माणूस चालेल इतक्या सावकाश जायचं, आणि आखून दिलेला टप्पा संपेपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही. पाय टेकला की एक गुण चढतो, आणि ज्याच्या नावावर सगळ्यात कमी गुण, तो जिंकतो. टप्प्याशी पंच उभा असतो. पाय टेकला नाही तर तो बंद मूठ वर करतो, एकदा टेकला तर एक बोट.

असल्या गाडीत एकेक पार्ट माणसाच्या मापाचा लागतो, चपलेसारखा. क्लच एकाच बोटाने दाबायचा असतो, अंगठ्याशेजारच्या. बाकीची बोटं हँडल सोडत नाहीत. ते एक बोट लिव्हरच्या टोकावर पडलं तर क्लच लोण्यासारखा दबतो, म्हणून लिव्हर आत सरकवून बसवायची असते. हे थोरलीला शिकवलं होतं बाबांनीच. आणि आता तेच रोज ती चुकीच्या जागी बसवत होते.

डॉक्टरांनी थंडीत सांगितलं होतं की हे विसरणं वयाचं नाही, आजाराचं आहे, आणि ते वाढत जाईल. घरच्यांनी एक वही करावी, जी चूक दिसेल ती तारीख घालून लिहावी, म्हणजे आजाराचा वेग कळेल. आईने हात झटकले. बेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या चुका कमी का मोजल्या, आता लिहून कुठे काढू, असं म्हणून ती स्वयंपाकघरात निघून गेली. वही थोरलीकडे आली.

थोरलीने ती मन लावून लिहिली. दहा नंबरचा पाना फ्रिजमध्ये सापडला. आईला तिच्या नावाऐवजी आत्याच्या नावाने हाक मारली, आणि आत्या जाऊन सहा वर्षं झालेली. कोपऱ्यावरच्या दुकानातून परत येताना घर चुकले, शेजारच्यांनी आणून सोडलं. त्यापुढची पानं मात्र सगळी या गाडीची होती.

गाडीचा सांगाडा बाबांनी पावसाळ्यानंतर कुठून तरी भंगारातून आणला होता. शेवटची एक चांगली बांधतो, एवढंच म्हणाले. ते स्वतः गेल्या वर्षापर्यंत चालवत होते, त्यामुळे ती कुणासाठी हे कुणी विचारलं नाही. मग एकेक पार्ट यायला लागला आणि थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. बाबा उंच, खांदे रुंद, पण त्यांनी मागवलं ते हँडल बुटकं आणि अरुंद. पाय ठेवायचे दातेरी खुंट त्यांनी होते तिथून कापले आणि थोडे वर, थोडे मागे वेल्डिंग करून बसवले. त्यांच्या गुडघ्यांना ते मानवणारच नव्हते. आणि मग ती, मागच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या शॉकची स्प्रिंग.

आज त्या स्प्रिंगचं खोकं तिसऱ्यांदा आलं होतं. थोरलीच्या डाव्या हाताच्या, अंगठ्याशेजारच्या बोटाला शेवटचं पेर नाही. सात वर्षांची असताना बाबांना चेन पुसायला मदत करत होती, तेव्हा ते गेलं. त्या बोटाला नख नसल्यामुळे चिकटपट्टी निघेना, शेवटी तिने दातांनी ओढून काढली. आत तीच स्प्रिंग. वरच्या कड्यावर रंगाने आकडा घातलेला, पंचावन्न, म्हणजे तेवढ्या किलोच्या माणसासाठी. बाबांचं वजन आजारपणात उतरूनही ऐंशीच्या खाली आलं नव्हतं.

तिने पार्टवाल्याला फोन लावला. तो बाबांच्या हाताखाली शिकलेला, अजूनही त्यांना मास्तर म्हणणारा. आधीच्या दोन्ही स्प्रिंगा त्याने मुकाट्याने परत घेतल्या होत्या.

"ताई, मी या वेळी तीनदा विचारलं त्यांना. मास्तर, पंचावन्नचीच ना? तर माझ्यावरच उखडले. म्हणाले, तुला वजनकाटा कळतो का मला?"

"त्यांना कळत नाहीये आता. तुला सांगितलंय मी."

"सांगितलंय हो," तो म्हणाला. "पण फोनवर तरी तसं वाटलं नाही."

ती वैतागली. फोनवर दोन मिनिटं नीट बोलता येतं, रोज सोबत राहणाऱ्याला विचार, असं काहीसं बोलून तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांची वेळ होती. तिचं ठरलं होतं. वही पुढे ठेवायची आणि बाबांनी गॅरेजमध्ये येणं थांबवावं, हे डॉक्टरांच्याच तोंडून वदवून घ्यायचं. तिने सांगितलं असतं तर ते बाबांना लागलं असतं. हत्यारांच्या कपाटाला लावायचं कुलूप तिने आणूनही ठेवलं होतं, टायरच्या ढिगामागे दडवून, जणू चोरीचा माल असावा.

आईला हे आदल्या रात्रीच कळलं होतं. ती भांडी विसळता विसळता म्हणाली, "गॅरेज काढून घेतलंस तर त्यांच्याकडे राहील काय?"

"ग्राइंडरवर हात कापून घेतला तर?"

"मग त्यांना सरळ विचार. एवढी कामं उलटी का करताय, म्हणून विचार."

"विचारून काय होणार आहे, आई?"

आईने नळ बंद केला. "तुम्हा दोघांचं बावीस वर्षं हेच चाललंय. विचारायचं नाही, सांगायचं नाही. मीच मेली मधल्यामध्ये निरोप पोचवतेय."

बावीस वर्षांपूर्वी थोरली एकोणीसची होती आणि त्या वर्षीची सगळ्यात चांगली चालवणारी होती. शेवटची फेरी दगडाच्या बंद खाणीत होती. शेवटच्या टप्प्यावरचा पंच ऐनवेळी आजारी पडला आणि आयोजकांनी बाबांना उभं राहायला सांगितलं. मुलगी स्पर्धेत असताना बाप पंच, तरी कुणी हरकत घेतली नाही. ज्या मुलाशी तिची चुरस होती, त्याच्या वडिलांनीच सांगितलं की मास्तर असतील तर आम्हाला काळजी नाही. तीन दगड होते, तिसरा डावीकडे कललेला. त्या तिसऱ्या दगडावरून उतरताना तिची गाडी हलली, तोल गेला, सावरला, आणि ती टप्पा संपल्याच्या फितीपलीकडे पोचली. वळून पाहिलं तर बाबांचं एक बोट वर.

तेवढ्या एका गुणाने ती हरली. सगळ्यांसमोर ती ओरडली, टेकला नव्हता. बाबा फक्त म्हणाले, "टेकला." घरी येऊन तिने हेल्मेट खिळ्याला टांगलं ते टांगलंच. आई चार दिवस नवऱ्याशी बोलली नाही. नातेवाईक, मित्र, सगळे तिच्याच बाजूचे; सख्ख्या बापाने असं करावं का, म्हणून जो तो हळहळला. त्या दिवशी बुटाच्या आत तिच्या पायाला काय कळलं होतं, ते मात्र तिने कुणालाच सांगितलं नाही. नंतर नंतर तिने ते स्वतःलाही सांगायचं सोडून दिलं.

चालवणं सुटलं, गॅरेज सुटलं नाही. ती बाबांच्या शेजारच्या टेबलावर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करत राहिली, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याइतकीच चांगली कारागीर झाली. पाना दे, ग्रीस संपलं, गिऱ्हाईक आलंय. बापलेकीचं एवढ्यावर छान भागत होतं.

दुपारी बाबा जेवून आडवे झाले. थोरलीने स्प्रिंग परत पाठवण्याऐवजी या वेळी शॉकमध्ये बसवून टाकली. त्यामागे प्रेम नव्हतं. तिला वहीत पुरावा हवा होता. डॉक्टरांना स्प्रिंगमधलं काय कळणार, पण आकडा कळेल. खुंटांवर उभं राहिल्यावर मागची बाजू एका ठरावीक मापाने दबायला हवी. शॉकच्या दांड्यावर रबराची बारीक कडी असते, ती दाबाबरोबर सरकून किती दबलं ते दाखवते. बाबांनी दांड्याशेजारी खिळ्याने एक रेघही ओढून ठेवली होती, कडी इथे यायला हवी म्हणून. आपल्याच वजनाने कडी रेघेच्या पार जाईल, मग बाबांचं तर बोलायलाच नको, अशा हिशेबाने तिने गाडी स्टँडवरून काढली, भिंतीला टेकवली आणि खुंटांवर चढली.

उतरून तिने वाकून पाहिलं. कडी रेघेवर होती. केसभरही इकडेतिकडे नाही.

योगायोग म्हणून ती पुन्हा चढली. या वेळी भिंतीवरचा हात काढून दोन्ही हातांनी हँडल धरलं. खांदे आपोआप सैल पडले. गुडघे जिथे यायला हवेत तिथे आले. एवढी वर्षं जी गाडी हाताखालून जायची ती एक तर लांब वाटायची, नाहीतर उंच, आणि आपण आता यातले राहिलो नाही असं तिने मानून घेतलं होतं. या गाडीवर तसं काहीच वाटेना. फक्त डावा हात अडला. क्लच दाबायला गेली तर लिव्हर बोटाला सापडेना.

लिव्हर तिच्या खुणेवर होती, आत. ज्यांना सगळी बोटं धड आहेत त्यांच्यासाठी ती जागा बरोबर होती. थोरली लहानपणापासून क्लच मधल्या बोटाने दाबायची, कारण शेजारचं पुरत नव्हतं. मधल्या बोटाला लिव्हरचं टोक सापडायचं तर लिव्हर बाहेर, ग्रिपजवळ लागते.

ती खाली उतरली. तिने बोल्ट सैल केला, लिव्हर बाबा रोज सकाळी ओढायचे तिथवर ओढली, आवळली, आणि पुन्हा हात ठेवला. मधलं बोट टोकावर जाऊन बसलं. नऊ दिवस तिने ती लिव्हर सरकवली होती, पण एकदाही त्यावर स्वतःचा हात ठेवून पाहिला नव्हता.

तिला रडू आलं. रडण्याच्याही आधी स्वतःचा राग आला, इतका की हातातला पाना तिने डब्यात आपटला आणि बाबा जागे होतील म्हणून लगेच जीभ चावली. मग ती ऐरणीवर बसली आणि वही उघडून पहिल्या पानापासून वाचू लागली. हँडल चुकीचं मागवलं. खुंट चुकीच्या जागी. स्प्रिंग चुकीची, पुन्हा चुकीची, पुन्हा. मागच्या अंगणातले दगड विनाकारण इकडचे तिकडे करत बसतात. क्लच, क्लच, क्लच. इतकी वर्षं बाबांच्या एका बोटाचा राग धरून बसलेल्या पोरीने बाबांवर पानंच्या पानं भरली होती, आणि एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

ती सगळी पानं तिने खोडली. पण पाना फ्रिजमध्ये सापडला होता, आत्याचं नाव घेतलं होतं, घर चुकले होते. ते तिने खोडलं नाही. ते खरं होतं.

बाबा उठून आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्यांच्या शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलेलं होतं. ते गाडीजवळ आले, तिच्याभोवती एक फेरी मारली, वाकून स्प्रिंगवरचा आकडा वाचला, खुंटावर हात फिरवला. चांगली गाडी पाहिल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर यायचा तो आदर आला. पण तो दुसऱ्या कुणाच्या कामाबद्दलचा होता.

"बाबा," थोरली म्हणाली, "ही कुणासाठी बांधलीत?"

त्यांनी क्लचच्या लिव्हरवर हात ठेवला, ती दाबून पाहिली. तिने मनातल्या मनात त्यांना उत्तर सांगून पाहिलं, लहान मुलाला गणित सांगतात तसं.

"ज्याने बांधलीय त्याने माप घेऊन बांधलीय," ते शेवटी म्हणाले. "हलकं माणूस आहे. क्लच मधल्या बोटाने दाबणारं." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, सौजन्याने, गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं. "येतील न्यायला. तोवर ओल्यात ठेवू नका."

अहो-जाहो त्यांनी आयुष्यात कधी तिला केलं नव्हतं. एक दिवस लवकर, आठवडाभर लवकर विचारलं असतं तर, असं तिच्या मनात आलं. आई तेच तर सांगत होती.

तिने खिळ्यावरचं हेल्मेट काढलं. आतला फोम भुगा होऊन हातात आला, तरी तिने ते घातलं. गाडी मागच्या अंगणात ढकलत नेली. तिथे बाबांनी गवत काढून दगड मांडले होते, आणि आता ते विनाकारण मांडलेले वाटत नव्हते. तीन होते. तिसरा डावीकडे कललेला.

किक मारल्यावर इंजिन दुसऱ्या फटक्याला सुरू झालं. त्या आवाजासरशी बाबा दारातून चालत आले आणि तिसऱ्या दगडापाशी, दोन पावलं बाजूला, पाय किंचित फाकवून उभे राहिले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नजर तिच्या तोंडाकडे नव्हती. पंचाची जिथे असते तिथे होती, बुटांवर.

पहिला दगड सहज गेला. दुसऱ्यावर ती डगमगली, मधल्या बोटाने क्लच धरला, सोडला, आणि गाडी जागच्या जागी थांबून पुढे सरकली. एकेचाळीस वर्षांची बाई स्वतःशीच हसली. तिसऱ्यावर चढताना सगळं ठीक होतं. उतरताना पुढचं चाक डावीकडे गेलं, तोल गेला, सावरला, आणि ती पलीकडे पोचली. इंजिन बंद करून तिने मान वळवली.

बाबांनी बंद मूठ वर धरली होती.

थोरली त्या मुठीकडे बघत राहिली. कधी काळी ही मूठ पाहायला तिने काहीही दिलं असतं. दगडाखालच्या मातीत बुटाच्या टाचेचा ठसा होता, ताजा, अंगठ्याएवढा. बाबा पूर्वीचे असते तर त्यांना तो वीस पावलांवरून दिसला असता. आता तिने फक्त गप्प राहायचं, की ती मूठ तिची होती.

"टेकला, बाबा," ती म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता टेकला. आणि तेव्हाही टेकला होता."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग मातीकडे. वाकून त्यांनी तो ठसा बोटाने चाचपला. 'तेव्हा' म्हणजे कधी, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना ते कळलं की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं. ते उठून सरळ उभे राहिले, हात पुन्हा वर नेला आणि मुठीतून एक बोट उघडलं. त्यांनी ते नियमाप्रमाणे, तिला नीट दिसेपर्यंत वर धरून ठेवलं. तिने मान डोलावली, तेव्हा खाली घेतलं.

मग ते टप्प्याच्या सुरुवातीकडे वळले.

"पुढचा कोण?" त्यांनी हाक दिली.

अंगणात दुसरं कुणी नव्हतं. थोरलीने डोळे पुसले, गाडी वळवली आणि पहिल्या दगडापाशी जाऊन उभी राहिली.